वाचकांचे प्रश्न : नॅनो जस्त, चांदीचं पाणी आणि गव्हाचा दाणा

कृषी केंद्रांच्या फळीवर ‘नॅनो’ लिहिलेल्या बाटल्या दिसू लागल्या तशी आमच्याकडे येणारी पत्रंही वाढली. या अंकात धातूंच्या नॅनो कणांवरचीच पत्रं घेतली आहेत : ते मातीत गेले तर गहू, धान, ज्वारीच्या दाण्यातलं पोषण वाढतं की घटतं? पत्रलेखकांची नावं वगळून तालुका तेवढा ठेवला आहे, कारण मंगरूळपीरच्या चुनखडीच्या काळ्या वावराला जे उत्तर लागू पडतं ते लाखांदूरच्या बांधीला (धानाच्या बांध घातलेल्या शेताला) लागू पडत नाही.

प्रश्न : माझ्या वावराच्या माती अहवालात सामू (पीएच) 8.3, मुक्त चुना 9 टक्के आणि जस्त 0.42 पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) आलं आहे. दुकानदार 100 मिलीची नॅनो जस्ताची बाटली एकरभर ओलिताच्या पाण्यातून सोडा म्हणतो, गहू पौष्टिक होईल म्हणतो. एकरी 12 क्विंटल गहू होतो. बाटली सोडू का? (ता. मंगरूळपीर)

जस्त द्यायला हवं हे नक्की. डीटीपीए पद्धतीनं (पिकाला मिळू शकणारा धातू मोजणाऱ्या माती तपासणीनं) काढलेलं जस्त 0.6 पीपीएमच्या खाली आलं की जमीन जस्तात कमी धरतात. पण ही बाटली मातीत सोडू नका. का, ते हिशेबानंच पाहू.

लेबलवर जस्त किती टक्के लिहिलंय ते वाचा. 1 टक्का असेल तर 100 मिलीत साधारण 1 ग्रॅम जस्त आलं. एकरातल्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन ढोबळमानानं 9 लाख किलो. त्यात 1 ग्रॅम म्हणजे 0.001 पीपीएम. तुमचा 0.42 चा आकडा त्यानं जागचा हलणार नाही. आता दाण्याकडून मोजा. 12 क्विंटल गव्हात किलोमागे 10 मिलिग्रॅम जस्त वाढवायचं तर 12 ग्रॅम जस्त जादा दाण्यात जाऊन बसलं पाहिजे. बाटलीतला कण न् कण दाण्यात पोचला, तरी किलोमागे 1 मिलिग्रॅमसुद्धा वाढत नाही. कण बारीक केल्यानं वजन वाढत नसतं. नॅनोच्या जाहिरातीत हीच गोष्ट झाकली जाते, म्हणून कोणतीही बाटली घेताना आधी ग्रॅम काढा.

बारीक कणाला काहीच अर्थ नाही, असं मात्र नाही. नॅनो म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटर. माणसाचा केस 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. कण इतका लहान झाला की वजनाच्या मानानं त्याचा पृष्ठभाग फार वाढतो आणि तो लवकर विरघळतो. जस्त ऑक्साइडचा नॅनो कण मातीत फार दिवस कण म्हणून राहत नाही. तो विरघळतो, आणि त्यातून सुटलेलं जस्त पुढे झिंक सल्फेटमधून आलेल्या जस्तासारखंच वागतं. तुमच्या जमिनीत ते चुन्याला आणि चिकणमातीला चिकटतं, फॉस्फेटशी बांधलं जातं. सामू एका अंकानं वाढला की मातीच्या पाण्यात विरघळून राहणारं जस्त जवळपास शंभर पटीनं घटतं. 8.3 सामूच्या जमिनीचा हा स्वभाव नॅनोला सूट देत नाही.

मग करायचं काय? पेरणीआधी एकरी 10 किलो झिंक सल्फेट (21 टक्के जस्ताचं) 100 किलो कुजलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळा, हलकं ओलं करून सावलीत दहा-पंधरा दिवस झाकून ठेवा आणि मग वावरात द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं जस्ताला धरून ठेवतात, त्यामुळे चुन्याच्या तावडीत ते उशिरा सापडतं. हा डोस दोन-तीन पिकांमागे एकदा पुरतो. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटच्या ढिगात झिंक सल्फेट कधीच मिसळू नका, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी द्या.

एवढ्यानं उत्पादनाची तूट भरून निघेल. दाण्यातलं जस्त मात्र जमिनीतून दिलेल्या खतानं थोडंच वाढतं. ते वाढतं फवारणीनं. भारतासह सात देशांत गव्हावर वेगवेगळ्या ठिकाणी आणि हंगामांत झालेल्या 23 प्रयोगांत जस्त न दिलेल्या गव्हाच्या दाण्यात सरासरी 27 पीपीएम जस्त होतं, पानांवर फवारलेल्या गव्हात ते 48 पर्यंत गेलं. यातलं कसब वेळेचं आहे. पहिली फवारणी गहू पोटरीत असताना, दुसरी दाणा दुधाळ असताना. फुटव्यांच्या वेळी फवारलेलं जस्त पान हिरवं करतं, पण दाण्यापर्यंत त्यातलं फार थोडं जातं. दाणा भरत असताना पानातून ओंबीकडे जी वाहतूक चालते, तिच्यात जस्ताला बसवायचं असतं.

15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 37 ग्रॅम विरलेला चुना घ्या. चुना रात्री वेगळ्या डब्यात भिजवून सकाळी वरची निवळी गाळून घ्यायची. चुन्याऐवजी 150 ग्रॅम युरिया घातला तरी चालतं. युरियामुळे जस्त पानात चांगलं शिरतं. एकराला 200 लिटर पाणी लागलं तर 1 किलो झिंक सल्फेट, म्हणजे 210 ग्रॅम जस्त पिकावर पडतं. दाण्यात जायला हवं होतं 12 ग्रॅम. आता हिशेबात जागा आहे.

इथे चुका होतात त्या अशा. पिशवीवर 33 टक्के लिहिलं असेल तर तेवढ्याच 75 ग्रॅमनं पानांच्या कडा जळतात. तिथे 48 ग्रॅम पुरे. फवारणीच्या टाकीत डीएपीचं पाणी मिसळलं तर जस्त आणि फॉस्फेटचा साका होऊन नोझल तुंबतं. हाच साका भेसळ ओळखायला उपयोगी पडतो : थोडं झिंक सल्फेट पाण्यात विरघळवा, दुसऱ्या भांड्यात डीएपीचं घट्ट द्रावण करा, दोन्ही एकत्र करा. दाट, गुठळीदार साका आला तर जस्त आहे. तसा साका आला नाही तर पिशवीत मॅग्नेशियम सल्फेट असण्याची शंका घ्या. भर दुपारी फवारू नका. ऊन उतरल्यावर फवारलेलं द्रावण पानावर जास्त वेळ ओलं राहतं.

बाटली आधीच घेऊन ठेवली असेल तर ती लेबलवरच्या मात्रेत पानांवर मारा, एका पट्ट्यावर. शेजारी झिंक सल्फेटचा पट्टा आणि तिसरा नुसत्या पाण्याचा ठेवा. वाण, पेरणीची तारीख आणि ओलीत तिन्हीकडे एकच असू द्या.

प्रश्न : नॅनो युरियातही धातूचे कण असतात का? त्यामुळे गव्हातलं पोषण बदलतं का? (ता. रिसोड)

नाही, त्यात नत्र असतं. इफकोनं 2021 मध्ये आणलेल्या पहिल्या बाटलीत 4 टक्के नत्र होतं, म्हणजे 500 मिलीत 20 ग्रॅम. साध्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांनी 20.7 किलो नत्र असतं. बाटलीवरचा सध्याचा टक्का वाचून हाच हिशेब पुन्हा करा. पोषणाशी याचा संबंध आहे तो असा : दाण्यातलं प्रथिन नत्रावर ठरतं, आणि जस्त व लोह पानातून दाण्यात नेण्याचं कामही नत्र पुरेसं असेल तरच नीट होतं. जमिनीतलं नत्र निम्म्यावर आणून वरून जस्त फवारणारा शेतकरी फवारणीचे पैसे वाया घालवतो.

प्रश्न : अंगणवाडीत पालक विचारतात, नॅनो खत घातलेला गहू खाल्ला तर ते कण पोरांच्या पोटात जातात का? आणि असा गहू खरंच जास्त पौष्टिक असतो का? (ता. आर्णी)

जस्ताबद्दल पालकांना निर्धास्त करा. जस्त ऑक्साइडचे नॅनो कण दिलेल्या गव्हाच्या रोपांत क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा जस्त फॉस्फेटला बांधलेल्या रूपात सापडलं. रोपानं विरघळलेलं जस्त उचललं होतं, कण नव्हे. दाण्यात ते फायटेट आणि प्रथिनांबरोबर साठतं. आपल्या नेहमीच्या गव्हातही तसंच साठलेलं असतं. तांब्याची गोष्ट वेगळी आहे. तांबे ऑक्साइडचे कण मक्याच्या मुळातून वर खोडाकडे जाताना दिसले आहेत. म्हणून ‘नॅनो’ या एका शब्दाखाली सगळे धातू ढकलू नयेत. विचारायचं ते हे : हा कण विरघळणारा आहे की तसाच राहणारा?

दुसऱ्या प्रश्नाला जरा जास्त वेळ द्यावा लागेल. दाण्यातलं जस्त मोजणं आणि ते पोराच्या अंगी लागणं, या दोन गोष्टी आहेत. मध्ये फायटेट उभं असतं. दाण्यात स्फुरद (फॉस्फरस) साठवण्याचं हे रूप आतड्यात जस्त आणि लोहाला पकडून ठेवतं. ढोबळ मोजमाप असं : 100 ग्रॅम पिठातलं फायटेट (मिलिग्रॅममध्ये) भागिले 660, जस्त भागिले 65.4, मग पहिल्या उत्तराला दुसऱ्यानं भागा. उत्तर 15 च्या वर गेलं की जस्त नीट शोषलं जात नाही. पिठात 900 मिलिग्रॅम फायटेट आणि 2.5 मिलिग्रॅम जस्त असेल तर उत्तर येतं 36. फवारणीनं जस्त 4 मिलिग्रॅमवर नेलं तर 22. सुधारणा मोठी आहे, पण उंबरठा अजून दूर आहे. उरलेलं काम दोन ठिकाणी होतं, वावरात आणि चुलीवर.

वावरात : स्फुरदाची गोणी गरजेपेक्षा जास्त टाकली की दाण्यात फायटेट वाढतं आणि मुळांकडून जस्त कमी उचललं जातं. माती अहवालात स्फुरद भरपूर असताना सवयीनं डीएपी टाकणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत. तिथे स्फुरद कमी करणं हा पोषणाचाच उपाय आहे, आणि पैसे वाचवणाराही.

चुलीवर : ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून केलेली आंबील, मोड आणलेली ज्वारी, भिजवलेल्या गव्हाच्या घुगऱ्या. भिजवताना आणि आंबताना दाण्यातलंच फायटेज हे विकर फायटेट मोडतं. पीठ फार बारीक चाळणीनं चाळून कोंडा गुरांना घालू नका, जस्त-लोह बहुतांश कोंड्याच्या आतल्या थरात आणि कोंबात असतं. कोंड्यात फायटेटही जास्त असतं हे खरं आहे, म्हणून चाळण्यापेक्षा आंबवणं बरं. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून चीक काढतो, तेव्हा हाती येतो तो मुख्यतः स्टार्च. खनिजं चोथ्यात जातात. कुरडया जरूर खाव्यात, पण पोषण म्हणून मोजू नयेत. जेवणात लिंबू असू द्या, जेवणावर लगेच चहा नको; लोहाला दोन्हींचा फरक पडतो.

पालक शेती करणारे असतील तर त्यांना वाणाबद्दल सांगा. 2018 मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. तिच्यात लोह सुमारे 45 आणि जस्त 32 पीपीएम आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 हा बन्सी गहू कोरडवाहूसाठी आहे. जस्त आणि लोह दोन्ही 40 पीपीएमच्या वर. ही खनिजं कुठल्याही बाटलीविना, बियाण्यातूनच येतात, आणि बी घरचं राखलं तर दुसऱ्या वर्षीही येतात. आमचा कल आधी वाण, मग फवारणी, आणि नॅनो असलंच तर त्यानंतर, असा आहे.

प्रश्न : आमच्याकडे नाग नदीच्या पाण्यावर गहू आणि धान होतं. शहराच्या सांडपाण्यात चांदीचे, टिटॅनियमचे नॅनो कण असतात आणि त्यानं धान्य निकस होतं असं वाचलं. खरं किती? (ता. कुही)

असे कण सांडपाण्यात येतात. जंतुरोधक कपड्यांतून चांदी, सौंदर्यप्रसाधनांतून टिटॅनियम आणि जस्ताचे ऑक्साइड. त्यांनी धान्याची प्रत बिघडते हेही प्रयोगांत दिसलं आहे. चांदीचे नॅनो कण मिसळलेल्या मातीतल्या गव्हात लोह, तांबे, जस्त घटलं आणि आर्जिनिन, हिस्टिडिन ही अमिनो आम्लं कमी झाली. सेरियम या दुसऱ्या धातूच्या ऑक्साइडचे नॅनो कण दिलेल्या भातात लोह, गंधक आणि प्रथिनांचे काही प्रकार घटले. त्याच कणांच्या मोठ्या मात्रेत बार्लीला दाणाच धरला नाही. गव्हात उलट प्रथिन थोडं वाढलं, पण पीक उशिरा आलं. एकाच कणाचे तीन पिकांवर तीन परिणाम झाले, म्हणून ‘नॅनोनं धान्य निकस होतं’ असं सरसकट वाक्य आम्ही लिहिणार नाही.

आता मात्रा बघा. भात आणि बार्लीच्या त्या प्रयोगांतली मात्रा होती किलो मातीला 500 मिलिग्रॅम. तुमच्या एकराच्या 9 लाख किलो मातीला हे लावलं तर साडेचार क्विंटल सेरियम ऑक्साइड होतं. चांदीची सर्वांत कमी मात्रा किलोला 20 मिलिग्रॅम होती, म्हणजे एकरी 18 किलो चांदी! नदीच्या पाण्यातून एवढी चांदी वावरात येत नाही. शिवाय सांडपाण्याच्या गाळात चांदीची गंधकाशी गाठ पडून सिल्व्हर सल्फाइड होतं. ते जवळजवळ विरघळतच नाही आणि मुळांना फारसं मिळत नाही. टिटॅनियमची चिंता तर नकोच; बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत एकरी हजारो किलो टिटॅनियम मुळातच आहे आणि मुळं त्याला जवळपास हात लावत नाहीत.

तुमची खरी काळजी वेगळी असायला हवी. नाग नदीचं पाणी कन्हानमधून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. शहरी सांडपाण्याबरोबर येणारे साधे जड धातू, कॅडमियम आणि शिसं, यांना प्रयोगशाळेची कृत्रिम मात्रा लागत नाही, ते वर्षानुवर्षं साठत जातात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा गव्हाला कॅडमियम किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, पॉलिश तांदळाला 0.4, आणि धान्यात शिसं 0.2 अशी आहे. दोन-तीन वर्षांतून एकदा दाणा तपासा. मातीचा नमुना देताना त्याच शिवारातल्या, नदीचं पाणी कधीच न लागलेल्या पडीक जागेचा दुसरा नमुना द्या. काळ्या मातीत तांबं स्वाभाविकच जास्त असतं. तुलनेचा नमुना नसला तर अहवाल पाहून माणूस उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त होतो.

कॅडमियम निघालंच तर करण्यासारखं पुष्कळ आहे. जस्त आणि कॅडमियम मुळाशी एकाच दारातून शिरतात, म्हणून जस्ताची कमतरता आधी भरून काढा. ती असेल तर दाण्यात कॅडमियम वाढतं. दूषित मातीत जस्त ऑक्साइडच्या नॅनो कणांनीही गहू-भातातलं कॅडमियम घटल्याचं दिसलं आहे, पण ते काम झिंक सल्फेट स्वस्तात करतं. बन्सी गहू या जमिनीत पेरू नका, साध्या गव्हापेक्षा तो कॅडमियम जास्त ओढतो. वर अंगणवाडीताईंना सुचवलेला एमएसीएस 4028 तुम्हाला म्हणूनच सुचवत नाही. धानात लोंबी बाहेर पडल्यापासून दाणा भरेपर्यंत बांधी कोरडी पडू देऊ नका. पाणी असेतोवर कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं, भेगा पडल्या की सुटतं आणि थेट दाण्यात जातं. आणि सांडपाण्याचा गाळ फुकट मिळतो म्हणून वावरात आणू नका, पाण्यातले धातू त्याच गाळात गोळा होऊन बसलेले असतात.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत आंतरपीक गहू आहे. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) किंवा सिल्व्हर नायट्रेट टाकून घरीच नॅनो तांबं, नॅनो चांदी करायची असं व्हिडिओत दाखवतात. करू का? (ता. वरुड)

करू नका. पाल्याच्या काढ्यानं चांदीचे नॅनो कण बनतात हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे, पण तिथे तापमान, सामू आणि प्रमाण धरून ठेवलेलं असतं आणि कण यंत्राखाली मोजलेले असतात. घरच्या बादलीत रंग तपकिरी झाला म्हणून कण नॅनो झाले असं होत नाही. मोरचुदाच्या बादलीत तर बहुतांश विरघळलेलं तांबंच उरतं, आणि ते चुना न घालता गव्हावर पडलं की पानं भाजतात. चांदी जमिनीतल्या नत्रावर काम करणाऱ्या जिवाणूंना मारक आहे. तुम्ही युरिया देता तो ज्यांच्या भरवशावर, त्यांनाच ती मारते.

तुमच्या बागेत तांबं आधीच जातं आहे, त्याचा हिशेब ठेवा. 1 टक्का बोर्डो (तांब्याचं बुरशीनाशक) म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. एकरी 110 झाडं, झाडाला 6 लिटर धरलं तर एका फवारणीत साडेसहा किलो मोरचूद, म्हणजे जवळपास 1.7 किलो तांबं. त्यातलं जे जमिनीवर येतं ते वरच्या थरात साचत जातं. चुनखडीच्या जमिनीत ते बांधलेलं राहतं म्हणून गहू तगतो. तांबं जास्त झालं की मुळं आखूड होतात, कोवळी पानं पिवळी पडतात, आणि मुळाशी तांब्याची जस्ताशी चढाओढ असल्यानं दाण्यात जस्त कमी जातं. दर तीन वर्षांनी डीटीपीए तांबं तपासा. कमतरतेची हद्द 0.2 पीपीएम आहे. तुमचा आकडा तिच्या कैक पट असेल, तर तांबं असलेलं कोणतंही सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण गव्हाला देऊ नका. उरलेलं द्रावण आणि पंप धुतलेलं पाणी शेततळ्यात ओतू नका, तांब्यानं मासळी मरते.

प्रश्न : धानाच्या रोवणीनंतर खालच्या पानांवर तांबूस ठिपके येतात. नॅनो जस्तानं पीक सुधारेल आणि तांदूळही सकस होईल का? (ता. लाखांदूर)

रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत, बांधीत पाणी साचलेलं असताना असे ठिपके येत असतील तर तो बहुधा खैरा, म्हणजे जस्ताची कमतरता. साचलेल्या पाण्यात जस्त गंधकाशी आणि बायकार्बोनेटशी बांधलं जातं, नॅनो कणातून सुटलेलंही. बांधी दोन-तीन दिवस निथळू द्या आणि 0.5 टक्के झिंक सल्फेट चुन्यासह फवारा. पुढच्या हंगामात पऱ्हे (धानाची रोपं) उपटल्यावर मुळं 2 टक्के जस्त ऑक्साइडच्या पाण्यात, म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम, बुडवून रोवा. त्याला साधी जस्त ऑक्साइडची भुकटी चालते. मात्र ती विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून दर जुडीआधी काठीनं ढवळा.

एक सावधगिरी पूर्व विदर्भापुरती. तुमच्याकडची तांबूस, थोडी आम्लधर्मी जमीन असेल तर जस्ताचे नॅनो कण तिथे झपाट्यानं विरघळतात. मोठ्या मात्रेत आम्ल मातीत गव्हाची मुळं आखूड झाली, चुनखडीच्या मातीत त्याच मात्रेनं झाली नाहीत. अकोल्याकडच्या कुणी सांगितलेला डोस डोळे झाकून घेऊ नका.

तांदळाच्या सकसपणाचं म्हणाल तर गिरणीत पॉलिश कमी करा. डीआरआर धान 45 सारख्या जस्तयुक्त वाणात पॉलिशनंतर 22.6 पीपीएम जस्त राहतं, तेवढं गाठायला साध्या वाणावर बरीच फवारणी लागेल.

प्रश्न : फवारणीनंतर दाण्यात जस्त वाढलं की नाही हे तपासायचं आहे. नमुना कसा पाठवायचा? (ता. देऊळगाव राजा)

पहिल्या उत्तरात सांगितल्यासारखे फवारणीचे आणि नुसत्या पाण्याचे पट्टे ठेवा. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध, कडेच्या दोन-तीन ओळी सोडून, वेगवेगळ्या जागच्या 50 ओंब्या हातानं तोडा. मळणी यंत्रात घालू नका. आधीच्या वावरातले दाणे त्यात अडकलेले असतात आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. कापडावर हातानं चोळून दाणा काढा, पाखडा. असे प्रत्येक उपचाराचे तीन नमुने हवेत, एकाच नमुन्यावरून काही ठरवू नका.

माती आणि धूळ हा इथला सर्वांत मोठा घोटाळा. दाण्याला चिकटलेल्या चिमूटभर काळ्या मातीनं लोहाचा आकडा दुप्पट दिसू शकतो. दाणे डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा झटपट धुवा आणि स्वच्छ कागदावर, सावलीत वाळवा. औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या पट्ट्यात, कोराडी-खापरखेडा किंवा चंद्रपूरकडे, हे धुणं चुकवू नका. गावच्या चक्कीत दळू नका, लोखंडाचा कीस पिठात उतरतो. पत्र्याचा, जस्ताचा मुलामा असलेला डबा नको, त्याचं जस्त तुमच्या नमुन्यात मोजलं जाईल. अख्खा दाणाच नव्या प्लास्टिक पिशवीत 250 ग्रॅम भरा. पिशवीत चिठ्ठी टाका : वाण, पेरणीची तारीख, कोणती फवारणी, कोणत्या अवस्थेत, किती ग्रॅम.

मातीचा नमुनाही याच शिस्तीत. 15 सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा, एकरात आठ-दहा जागा, धुरा, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडून. गंजकं खुरपं आणि खताची रिकामी गोणी वापरू नका. चार भाग करत अर्धा किलो उरेपर्यंत कमी करा.

कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नमुना देताना दाण्यातलं जस्त, लोह आणि जमत असेल तर फायटेट अशी मागणी लिहून द्या. नुसतं ‘पौष्टिकता तपासा’ लिहिलं तर प्रथिनाचा आकडा येतो आणि जस्ताचा प्रश्न तसाच राहतो.